‘तंबाखू रक्तातच असते’ या मेसेजमधलं खरं किती?

‘तंबाखूचं व्यसन रक्तातच असतं. शास्त्रज्ञांना त्याचं जनुक सापडलंय. ज्याच्यात ते आहे त्याची तंबाखू सुटणं अशक्य, ज्याच्यात नाही त्याला ती लागतच नाही.’ हा मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. तो थोडासा खरा आहे आणि म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते. सोडायचं मनात घेतलेल्या माणसाने तो वाचला तर त्याचा धीरच खचेल.

‘जनुक सापडलं.’ एक नव्हे, अनेक. २००८ मध्ये पंधराव्या गुणसूत्रावरच्या सीएचआरएनए-५ या जनुकाकडे लक्ष गेलं. मेंदूत निकोटिन जिथे चिकटतं, त्या ग्राहीचा एक भाग हे जनुक घडवतं. पण त्यातल्या बदलाची एक प्रत असेल तर फरक पडतो सरासरी दिवसाला एका सिगारेटचा! २०१९ मध्ये सुमारे १२ लाख लोकांच्या अभ्यासात तंबाखू आणि दारूच्या सवयींशी जोडलेल्या ४०० हून अधिक जागा जनुकसंचात सापडल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर.

यकृतातलं सीवायपी-२ए-६ हे विकर (एन्झाइम) मात्र समजून घेण्यासारखं आहे. शरीरातल्या बहुतेक निकोटिनचा निचरा तेच करतं. ज्यांच्यात ते झपाट्याने काम करतं, त्यांचं निकोटिन लवकर उतरतं आणि तलफ पुन्हा लवकर येते. ज्यांच्यात ते मंद असतं, ते सहसा कमी ओढतात. म्हणजे शेजारच्याने सहज सोडली आणि आपल्याला जमेना, तर त्यात केवळ मनाचा दुबळेपणा नसतो.

‘रक्तातच असतं.’ जुळ्यांच्या अभ्यासांतून अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा निघतो. तो माणसामाणसांतल्या फरकाचा निम्मा. तुमचं निम्मं व्यसन आजोबांकडून आलं, असा त्याचा अर्थ नाही.

‘सुटणं अशक्य.’ अमेरिकेत २००२ पासून सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा ती सोडलेल्यांची संख्या जास्त आहे. त्यांच्यातही हीच जनुकं आहेत.

‘ज्याच्यात नाही त्याला लागतच नाही.’ हे वाक्य कॉलेजातल्या मुलांच्या हाती पडू नये असं मला मनापासून वाटतं. व्यसनापासून पूर्ण संरक्षण देणारं जनुक कोणालाही सापडलेलं नाही. शिवाय हे बहुतेक संशोधन युरोपीय वंशाच्या, सिगारेट ओढणाऱ्या लोकांवर झालंय. आपल्याकडे मिश्री आहे, चुन्यात मळलेली तंबाखू आहे. त्यातली कर्करोगकारक द्रव्यं तोंडाला लागायला आधी व्यसन जडावं लागत नाही.

जनुकांच्या या ज्ञानाचा खरा उपयोग उपचारात आहे. २०१५ च्या एका चाचणीत ज्यांच्यात निकोटिनचा निचरा नेहमीच्या वेगाने होतो, त्यांना त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीपेक्षा व्हॅरेनिक्लिन हे औषध जास्त लागू पडलं. मंद निचऱ्याच्या लोकांना पट्टीने तितकाच गुण आला आणि त्रासही कमी झाला. ज्यांना पूर्वी प्रयत्न करूनही जमलं नाही, त्यांनी डॉक्टरांशी औषध बदलण्याबद्दल बोलावं, किंवा १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करावा.