चऱ्हाट आणि यार्न

ऑस्ट्रेलियात पर्थमधल्या एका रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट आहे. नवी होते तेव्हा गुडघा बदललेल्या एका नूंगार आजींना गेल्या गेल्या विचारलं, "कुठे दुखतंय?" नूंगार म्हणजे इथले मूळ आदिवासी; आदिवासी समाजात वडीलधाऱ्या बायकांना आंटी म्हणतात. आंटी म्हणाल्या, "आधी बस. यार्न करू." यार्न करू म्हणजे गप्पा मारू. मग माझं गाव, माझे आईवडील, त्यांची माणसं. कराडकडे पारावर नवख्या माणसाला विचारतात ना, "कुठलं गाव? कुणापैकी तुम्ही?" अगदी तस्सं. गुडघा निघाला वीस मिनिटांनी, पण तेव्हा सगळं खरं बाहेर आलं: व्यायाम सोडलाय, गोळ्याही नेमाने घेत नाहीत.

यार्न म्हणजे सूत, दोराचा पेड. खलाशांच्या बोलीत 'यार्न कातणं' म्हणजे लांबलचक गोष्ट रंगवणं. जेम्स हार्डी व्हॉक्स या काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्याने 1812 मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये चोरांच्या बोलीचा कोश केला, तो 1819 मध्ये छापला गेला. त्यातही यार्न आहे: आपले पराक्रम आणि सुटका एकमेकांना सांगत बसणं. आपल्याकडे चऱ्हाट म्हणजे दोर, आणि न संपणारं बोलणंही चऱ्हाटच! हे लक्षात आलं त्या रात्री मी आईला फोन केला.

खलाशांचा, चोरांचा हा शब्द आदिवासींनी पुरता आपलासा केला. डॉन बेसारॅब आणि ब्रिजेट न्गांडू यांनी 2010 मध्ये यार्निंग ही संशोधनाची पद्धत म्हणून मांडली. पश्चिम ऑस्ट्रेलियात रुग्णांशी बोलण्याची 'क्लिनिकल यार्निंग' ही रीतही त्यातूनच आली: आधी ओळखपाळख, मग दुखणं, मग उपचार.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, 2025 मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून वादळ उठलं. आमच्या नातलगांत तेव्हापासून रोज जुंपते. एक काका म्हणतात, परके शब्द हुसकून लावा. काकांना गप्पा मारायला फार आवडतात, आणि 'गप' फारसी आहे. शब्द कुठून आला यापेक्षा तो कोणाच्या तोंडी रुळला, हे मला मोठं वाटतं.

धाकटा चुलतभाऊ म्हणतो, भाषा गेली तर गेली, इंग्रजीत अडतं कुठे? त्याचं मात्र मला मुळीच पटत नाही. इंग्रज आले तेव्हा या खंडात 250 हून अधिक भाषा होत्या. लहान मुलं बोलतात अशा आज मोजक्याच उरल्यात. आंटींच्या आईला ख्रिस्ती मिशनमध्ये नूंगार बोलल्याबद्दल मार बसायचा. आईकडून आंटींपर्यंत पोचले ते काही शब्द. त्यातला 'काया' म्हणजे नमस्कार, तो त्यांनी मला शिकवला. यार्न त्यांनी आपलासा केला, पण त्याआधी त्यांच्या तोंडची भाषा हिसकावून घेतली होती. मराठी शाळेसाठी भांडणाऱ्यांच्या बाजूने मी उभी आहे, ती हे पाहून.

माझा मुलगा शनिवारच्या मराठी वर्गात जातो. त्याला फळांची, रंगांची नावं येतात, पण मराठीत गप्पा मारायला कोणी नव्हतं. आता दर रविवारी माझे बाबा त्याच्याशी फोनवर बोलतात, विषय काही नसतो. परवा त्यांनी विचारलं, "काय रे, कुणापैकी तू?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तुमच्यापैकीच, आबा."