हद्द नसलेला टीपॉय

मेव्हण्याने मुंबईची जुनी जागा सोडली आणि सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात हौसेने घेतलेला ॲक्रिलिकचा, म्हणजे काचेसारख्या प्लॅस्टिकचा, आरपार टीपॉय बेळगावला, आमच्या गळ्यात मारला. वर फोनवरून प्रवचन. "दाजी, व्हिंटेज आहे. ह्याने खोली मोठी दिसते." १९३३ साली जर्मनीत हा माल प्लेक्सिग्लास नावाने आला, महायुद्धात लढाऊ विमानांच्या खिडक्या-छतांना लागला आणि लढाई संपल्यावर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात उतरला. काच ९० टक्के उजेड पार जाऊ देते, हा म्हणे ९२. उरलेले ८ टक्के आमच्या नडग्यांना लागतात.

शहापुरातल्या आमच्या सोप्यात टीपॉय ठेवला की तो दिसेनासाच होतो. कुठे सुरू होतो, कुठे संपतो, पत्ता नाही. १९५६ पासून हद्दीवरून भांडणाऱ्या मुलखात असली वस्तू पाठवायला काळीज लागतं! शेजारचे अण्णा कुंद्याचा डबा घेऊन थाटात आत आले आणि थेट धडकले. "हे काय रे? हाय का न्हाय ते तरी सांग की!" कुंदा वाचला, हे नशीब.

बसल्यावर वेगळीच पंचाईत. आपल्याकडे टीपॉयच्या पोटात जुनी वर्तमानपत्रं, लाइटची बिलं, गोळ्यांच्या पट्ट्या असा निम्मा संसार असतो. तो सगळा कॉटखाली गेला. वरून मोठमोठ्या गप्पा मारणाऱ्या पाहुण्याचा फाटका मोजा आणि त्यातून डोकावणारा अंगठा मात्र चहाच्या कपाशेजारीच दिसतो. बघावं तरी पंचाईत, न बघावं तर नजर तिथेच.

पुसायचं म्हणाल तर कोरडं फडकं चालत नाही. घासलं की स्थिर वीज तयार होते आणि आमची लाल धूळ चौपट प्रेमाने येऊन चिकटते. वाळूचा एक कण फडक्यात राहिला की ओरखडा. अमोनियावाला काचेचा स्प्रे नको, स्पिरिट नको, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ ओलं फडकं एवढंच साहेबांना सोसतं. घरच्या जावयाचे एवढे लाड कुणी केले नाहीत, हे मी सासुरवाडीचा जावई म्हणून सांगतो.

मग भाचीने त्यावर बसून नेलपेंट काढलं. नेलपेंट काढायच्या पाण्यातलं ॲसिटोन सांडलं आणि ॲक्रिलिक विरघळायला लागलं. तिने घाईघाईने कापसाने पुसलं. आता तिथे बशीएवढा पांढुरका, खरबरीत डाग आहे आणि त्यात कापसाचे तंतू कायमचे रुतलेत.

आत्याने चष्मा लावून डाग बघितला, ट्रंक उघडली आणि आपला क्रोशाचा भलामोठा रुमाल अंथरला. चारही बाजूंनी झालरी लोंबल्या. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन, जोडीच्या दोन खुर्च्या पण पाठवू काय म्हणून.

"पाठव म्हणावं," आत्या म्हणाली. "ट्रंकेत अजून रुमाल हायत."