एप्रिलमध्ये स्कीइंगला निघताय? उतरायची वेळ आधी ठरवा

इथे डेन्व्हरच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एप्रिल उजाडला की एक मेसेज हमखास येतो: "हिवाळा संपला, आता हिमस्खलनाचं टेन्शन नाही, चला लव्हलँड पासला." डेन्व्हरच्या पश्चिमेचा हा डोंगरी घाट. वाचून माझ्या पोटात गोळा येतो. रिसॉर्टच्या आत स्की पेट्रोलची, म्हणजे सुरक्षा पथकाची माणसं उतार तपासून ठेवतात. बॅककंट्रीत, म्हणजे रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरांत, ते काम आपलं आपल्यालाच करावं लागतं, आणि वसंतात तर दर तासाला नव्याने.

त्याच लव्हलँड पासजवळ, शीप क्रीकच्या बाजूला, २० एप्रिल २०१३ रोजी सहा जण हिमस्खलनात सापडले. पाच गेले. एकजण कित्येक तास बर्फात अडकून राहिला आणि वाचला. ती माणसं नवखी नव्हती. साधनं जवळ होती, त्या दिवसाचं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन वाचलं होतं, धोक्याचा उतार टाळून पलीकडच्या झाडांच्या आडोशाला पोचायचं असंही ठरवलं होतं. पण त्या वाटेवर सगळे एकाच वेळी उताराखाली आले आणि वरचा अख्खा थर सुटला. तो उतार उत्तरेकडचा. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेला बर्फ तळाशी साखरेसारखा सुटा होऊन बसला होता, त्यावर एप्रिलच्या वादळांनी नवा भार टाकला. कोलोरॅडोच्या थंड, कोरड्या हवेत असा कच्चा तळ नेहमीच तयार होतो. सावलीच्या उतारावर एप्रिलमध्येही हिवाळाच नांदत असतो, हे तारखेकडे बघून कळत नाही.

उन्हाच्या उतारांची गोष्ट वेगळी. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशात सोडून देतो आणि वर कडक पापुद्रा धरतो. पहाटे त्यावर काठी टेकली की टणटण वाजते. मग ऊन चढतं, वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल होतात, आणि ज्याच्यासाठी आपण पहाटे तीनला उठतो तो कॉर्न स्नो, म्हणजे मक्याच्या दाण्यांसारखा मऊसर बर्फ, मिळतो. हे सुख जेमतेम एक-दोन तासांचं. त्यानंतर पाणी आत झिरपतं, कणांची पकड सुटते. बूट आधी घोट्यापर्यंत रुततो, मग पोटरीपर्यंत. खडकांच्या कडेने बर्फाचे गोळे आपोआप गडगडत खाली येऊ लागतात. हे दिसलं की त्या उतारावर तुमचं काही काम उरलेलं नाही. आधी पूर्वेचे उतार बिघडतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. यूटा-ॲरिझोनाकडच्या वाळवंटातली लाल धूळ वाऱ्याने येऊन बसली असेल तर तो मळका बर्फ ऊन जास्त शोषतो आणि सगळं आणखी लवकर घडतं. रात्र ढगाळ गेली असेल, तर पापुद्रा नीट धरतच नाही. अशा सकाळी मी घरून निघतच नाही, मग रजा टाकलेली का असेना. ओल्या बर्फाचा लोंढा हळू येतो, पण थांबला की काँक्रीटसारखा आवळतो, फावड्याने खणणंही जिकिरीचं होतं. आणि गाडलेल्या माणसाच्या हातात खरी आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचीच असते.

कॉर्निसबद्दल, म्हणजे धारेवरून पुढे आलेल्या बर्फाच्या काठाबद्दल, मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण फोटो काढायला लोक नेमके तिथेच जाऊन उभे राहतात. वाऱ्याने बर्फ उडून धारेच्या पलीकडे साचतो आणि अधांतरी लोंबत राहतो. वरून बघताना तो सपाट माथाच वाटतो, पायाखाली खडक नाही हे कळायला मार्गच नसतो. शिवाय तुटतो तो आपण धरून चालतो त्यापेक्षा बराच मागून, त्यामुळे "मी काठापासून दोन पावलं मागे आहे" याला काही अर्थ नाही. इथे कोलोरॅडोत वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून हे लोंबते काठ पूर्वेच्या उतारांवर, आणि पहिलं ऊनही तिथेच. उशिरा निघालेला माणूस खालून चढत असतो नेमका तेव्हाच वरचा काठ मऊ पडत असतो. तो कोसळला तर त्याच्या वजनाने खालचा अख्खा उतार सुटू शकतो. ८ एप्रिल २०१७ ला व्हँकुव्हरजवळच्या माउंट हार्वीवर माथ्याजवळचा कॉर्निस तुटला आणि पाच गिर्यारोहक गेले. मागे पडलेला सहावा तेवढा वाचला.

बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळी), फावडं प्रत्येकाकडे हवंच, ते वापरायचा सराव हवा, यावर वादच नाही. पण माझं ठाम मत आहे की एप्रिलमध्ये जीव वाचतो तो घड्याळामुळे. "दादा, ऊन किती छान पडलंय, अजून एक रन मारू ना" असं ग्रुपमधला धाकटा म्हणतो तेव्हा त्याला नाही म्हणणं फार जड जातं. सगळ्यांनी आठवडाभर वाट पाहिलेली असते. म्हणून हा निर्णय डोंगरावर घेऊच नये, आदल्या रात्री घरी बसून घ्यावा. सकाळी दहाला वळायचं ठरलं, तर दहा म्हणजे दहा. माथा अर्ध्या तासावर असला तरी वळायचं. आणि ग्रुपमधल्या एकाने जरी "मला बरं वाटत नाहीये" म्हटलं, तर त्याच्याकडे कारण न मागता सगळ्यांनी वळायचं. नवीन माणसं संकोचाने बोलत नाहीत, त्यांना निघतानाच हे सांगून ठेवा.

कोलोरॅडो ॲव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचं बुलेटिन रोज फुकट वाचायला मिळतं. वसंतात त्यातला धोक्याची पातळी दाखवणारा रंग तेवढा बघून थांबू नका, खालचा मजकूर वाचा. सकाळी धोका कमी आणि दुपारकडे वाढता, असं बरेचदा त्यातच लिहिलेलं असतं.

या शनिवारचा प्लॅन ग्रुपवर टाकणाऱ्यांना विनंती: निघायच्या वेळेशेजारी उतरायची वेळही लिहा, आणि कोणत्या दिशेचा उतार आहे तेही. ज्यांच्याकडे जास्तीचा बीकन आहे त्यांनी कमेंटमध्ये सांगा. शुक्रवारी संध्याकाळी पार्कात सरावासाठी मी येतोय, ज्यांना शिकायचंय त्यांनी जरूर या.