महागड्या यूएसबी केबलने आवाज सुधारतो, या दाव्याबाबत खुलासा

घरच्या संगणकाला स्टिरिओ हाय-फाय संच जोडताना सोन्याचा मुलामा दिलेली, हजारो रुपयांची यूएसबी केबल घेतल्यास गाणे अधिक ‘मोकळे’ ऐकू येते, असा संदेश सध्या फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

यूएसबी केबलमधून ध्वनी नव्हे, तर आकडे जातात. त्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारा डॅक केबलच्या पलीकडच्या टोकाला असतो आणि आजच्या बहुतेक चांगल्या डॅकमध्ये वेळेचे नियंत्रण त्याच्याच घड्याळाकडे असते, संगणकाकडे नव्हे. केबल खरोखर सदोष असेल, तर आवाजात टकटक येते किंवा तो मध्येच तुटतो. तानपुरा अधिक गोड करणे तिच्या हातात नाही. सीडीच्या दर्जाचे, म्हणजे १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झचे ध्वनिमुद्रण दोन-तीन मीटरची कोणतीही धड केबल बिनतक्रार पोचवते.

संगणक जोडल्यावर स्पीकरमधून घरघर ऐकू येते, ही या संदेशातली तक्रार मात्र खरी आहे. संगणक आणि अॅम्प्लिफायर यांची अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेली, की स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण येऊ शकते. लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबली, तर कारण बहुधा हेच असते. अशा वेळी दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहावीत, किंवा सोय असल्यास ऑप्टिकल केबल वापरावी, कारण तिच्यातून वीज वाहतच नाही. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला (तोही त्याच संदेशात आहे!) जिवावर बेतू शकतो, तो कोणीही पाळू नये.

केबलवर वाचलेले पैसे स्पीकरकडे वळवावेत; तिथला फरक सहज ऐकू येतो.