तीन आवर्तनं आणि एक अंगठा

बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि गोव्यात फोंड्यातल्या एका इस्पितळात त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर माझी नेमणूक झाली. टाके बाबांना पडले होते, सोलून मात्र माझे हात निघाले.

पहिल्याच दिवशी सिस्टरनी विचारलं, "हात धुतले?"

"धुतले."

"कसे, ते दाखवा."

मी नळाखाली हात धरले, चोळले आणि झटकले. सिस्टरनी एक शब्दही न बोलता बेसिनवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. आधी हात ओले, मग साबण. तळव्यावर तळवा. एका तळव्याने दुसऱ्या हाताची पाठ. बोटांत बोटं. मग बोटं एकमेकांत अडकवून त्यांच्या पाठी. मग अंगठा मुठीत धरून गोल गोल, आणि शेवटी बोटांची टोकं तळव्यावर. सगळं मिळून 40 ते 60 सेकंद. हात मळलेले दिसत नसतील तर अल्कोहोलचं द्रावण चोळायचं, त्याला 20 ते 30 सेकंद पुरतात.

सेकंद मोजायचे कसे, हा प्रश्न बाबांनी पडल्या पडल्याच सोडवला. जन्मभर देवळांतल्या भजनांना तबल्याची साथ केलेला माणूस. "सेकंदाला एक मात्रा धर. तीनताल, सोळा मात्रा. तीन आवर्तनं म्हणजे 48. साबणाचं झालं!" द्रावणाला दीड आवर्तन, म्हणजे 24 सेकंद. इथे मात्र त्यांचाच चेहरा पडला. "दीड आवर्तनाला खाली येते रे, तालातली रिकामी मात्रा. समेवर, पहिल्या मात्रेवर न येता हात सोडणार तू?" तेव्हापासून मी द्रावणही पूर्ण दोन आवर्तनं चोळतो.

शिवाय धुतलेल्या हाताने नळाला हात लावायचा नाही; कागदी रुमालाने तो बंद करायचा. रुमालाची पेटी रिकामी असली की कोपर. त्या कोपराने मी एकदा साबणाची बाटली बादलीत घातली, पण ते असो.

खरा जाच पुढेच. पेशंटला हात लावण्याआधी धुवा, लावल्यानंतर धुवा.

"मी बाबांना हातच लावला नाही, सिस्टर."

"पलंगाच्या दांडीला लावलात ना? तेही त्यातच."

1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने सहकाऱ्यांना सांगितलं, की शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे जाऊ नका, आधी ब्लीचिंग पावडरीसारख्या द्रावणात हात धुवा. वॉर्डातले मृत्यू झपाट्याने घटले, तरी बरेच डॉक्टर त्याच्यावरच उखडले. आपले हात घाण आहेत, हे कोणाला ऐकवतं? चूक त्यांचीच होती, मला कळतं. पण त्या स्टुलावर बसून मला त्यांचा कळवळा यायचा.

मग सत्तरी तालुक्यातून मामा आला. काजूचा हंगाम संपत आलेला, घरी बिया फोडणं चाललेलं. टरफलातल्या चिकाने दोन्ही हात काळेकुट्ट आणि बोटांची सालं निघालेली. दारातच द्रावणाचा वास घेऊन त्याने डोळे मिटले. त्याला काजूची दारू आठवली. "हुर्राक?"

सिस्टरनी त्याचे हात पाहिले आणि त्याला बेसिनकडे पिटाळलं. तो धुऊन आला. हात काळेच. परत पाठवला. परत काळेच. तिसऱ्या खेपेला बाबा पलंगावरून ओरडले, "अहो सिस्टर, तो डाग कातडी गेल्याशिवाय जायचा नाही!" मामा बिचारा लहान बाळासारखे हात पुढे करून उभा.

5 मे हा हातांच्या स्वच्छतेचा जागतिक दिवस. त्या दिवशी सिस्टरनी आम्हा सगळ्या नातेवाइकांना गोळा केलं. हातांना एक मलम फासलं, ते धुऊन यायला सांगितलं, आणि मग जांभळ्या दिव्याखाली हात धरायला लावले. जिथे मलम राहिलं असेल तिथे चकाकतं.

मामाचे हात आधी. काळे होते, तसेच काळे. कुठेही चकाकी नाही. तीन खेपांची शिक्षा त्याने मनावर घेतली होती.

मग माझे. तळवे ठीक, बोटं ठीक. उजवा अंगठा मात्र बुडापासून नखापर्यंत चतुर्थीत गणपतीवर बांधलेल्या माटोळीवरच्या दिव्यासारखा झगझगत होता.

बाबांनी "खालीवर सोडलास ना?" एवढंच विचारलं. मामाने माझा अंगठा धरला, उलटसुलट करून पाहिला आणि काळजीने म्हणाला, "भाच्या, तू कुठल्या बिया फोडायला गेलेलास रे?"