विश्वास आहे, मग दुसरी सही कशाला?

सेवाभावी संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन गटांतून आला, आणि तिसऱ्या वेळी त्याच्याखाली अंगठ्यांची रांग लागलेली होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘जोखीम व्यवस्थापन हे कंपन्यांचं खूळ. आपल्याला नफाच कमवायचा नाही, तर गमावणार काय? आपली माणसं घरच्यासारखी, त्यांच्यावर पहारा बसवणं हा त्यांचा अपमान. दरवर्षी ऑडिट होतंच, विमाही काढलेला आहे. कागद रंगवण्यापेक्षा तो वेळ कामाला द्या. चांगल्या कामाच्या वाटेला कोणी जात नाही.’

मी एका छोट्या संस्थेचा बरीच वर्षं खजिनदार होतो. त्यामुळे हा वैताग कुठून येतो ते मला कळतं. जोखीम व्यवस्थापन म्हणजे काय बिघडू शकतं ते आधी ओळखून त्याची तजवीज करणं, एवढंच. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एखाद्या संस्थेला गाळात घालू शकतं, म्हणून एकेक करून घेतो.

‘नफाच नाही, तर गमावणार काय?’

उलट आहे. तोटा झालेली कंपनी भागधारकांकडे जाते, कर्ज काढते, मालाचे भाव वाढवते. संस्थेला यातलं फारसं काही करता येत नाही. शिवाय खात्यातला बराचसा पैसा बांधलेला असतो. ज्या कामासाठी मिळाला त्याच कामाला तो वापरायचा, त्यातून पगार किंवा भाडं भागवायचं नाही. एका वर्षअखेरीस आमची शिल्लक पाहून कार्यकारिणी खुशीत होती. मी पेन्सिल घेऊन बांधलेल्या रकमा एकेक करून खोडल्या. उरलेल्या पैशात पाच आठवड्यांचे पगार निघत होते. बैठकीतला चहा तसाच गार झाला.

लंडनमध्ये १९९६ साली सुरू झालेली ‘किड्स कंपनी’ ही मुलांसाठी काम करणारी मोठी, नावाजलेली संस्था. तिला वर्षानुवर्षं मिळून सरकारकडून चार कोटी पौंडांहून अधिक निधी मिळाला होता. जुलै २०१५ च्या अखेरीस तिच्यावर गंभीर आरोप झाले आणि काही दिवसांत संस्था बंद पडली. पुढे पोलिसांना त्या आरोपांत गुन्ह्याचा पुरावा सापडला नाही. २०२१ मध्ये न्यायालयाने विश्वस्तांना अपात्र ठरवायलाही नकार दिला. आरोप झाले नसते तर संस्था बहुधा सावरली असती, असं न्यायाधीशांचं मत होतं. म्हणजे धक्का बाहेरून आला आणि तो अन्यायाचाही होता. पण तो झेलायला गाठीशी राखीव निधी जवळपास नव्हताच. निर्दोष ठरण्यासाठीही हाताशी काही महिने असावे लागतात, आणि ते महिने राखीव निधीच विकत घेतो.

‘आपली माणसं घरच्यासारखी’

मेसेजमधला सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक मुद्दा हाच.

आमच्याकडे निधी संकलनाच्या कार्यक्रमानंतर देणगीपेटी एक ज्येष्ठ स्वयंसेविका घरी न्यायच्या. रात्री मोजायच्या आणि सकाळी रक्कम चिठ्ठीसकट आणून द्यायच्या. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. त्यांच्यावर संशय घेणं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. एका वर्षी रक्कम आदल्या वर्षीपेक्षा बरीच कमी भरली. कारण साधं होतं, दिवसभर पाऊस होता आणि गर्दी निम्मीच झाली होती. कोणी काही बोललं नाही. पण मी चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ते ताईंनी पाहिलं.

पुढच्या वर्षी पेटी उचलायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मी एकटी मोजणार नाही.’ तेव्हापासून पेटी जागेवरच उघडते. दोघं मोजतात, दोघं चिठ्ठीवर सही करतात आणि पाकीट तिथेच सीलबंद होतं. दहा मिनिटांचं काम. ही पद्धत आधीपासून असती तर त्या नजरेची वेळच आली नसती. प्रामाणिक माणसाला एकट्याने पैसे मोजायला लावणं हा त्याच्यावरचा विश्वास नसतो, त्याला उघड्यावर सोडणं असतं.

‘आम्ही तिघंच आहोत, कामं वाटायची कशी?’ असं छोट्या संस्था विचारतात. तिघांतही बरंच होतं. बिल नोंदवणारा आणि पैसे पाठवणारा वेगळा ठेवा. बँकेचं महिन्याचं विवरण थेट अशा विश्वस्ताकडे जाऊ द्या, ज्याची धनादेशावर सही नाही. त्याने ते नुसतं वाचलं आणि दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ. हिशेबनिसांना वर्षातून एकदा सलग दोन आठवडे रजा घ्यायला लावा. त्या काळात त्यांचं काम दुसऱ्याने करायचं, नुसतं साठवून ठेवायचं नाही. जी लबाडी रोज झाकावी लागते ती अशा वेळी उघडी पडते. लबाडी नसेल तरी कळतं, की पासवर्ड एकाच डोक्यात आहे आणि ते डोकं उद्या तापाने फणफणलं तर पगार थांबतील.

‘दरवर्षी ऑडिट होतंच’

होतं, आणि व्हायलाच हवं. पण ऑडिटर प्रत्येक पावती तपासत नाही, नमुने तपासतो. ताळेबंद एकंदरीत खरं चित्र दाखवतो का, यावर तो मत देतो. चोर पकडणं हे त्याचं मुख्य काम नाही. फसवणूक तपासनिसांची आंतरराष्ट्रीय संघटना, एसीएफई, दर दोन वर्षांनी जगभरातल्या प्रकरणांचा अहवाल काढते. २०२४ च्या अहवालात १,९२१ प्रकरणं होती. त्यातली ४३ टक्के कुणीतरी खबर दिल्यामुळे उघडकीला आली आणि त्या खबरांपैकी निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांनी दिल्या होत्या. बाहेरच्या ऑडिटमुळे उघड झालेली प्रकरणं होती ३ टक्के.

तेव्हा ऑडिटइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा, की तुमच्या संस्थेतल्या सगळ्यात कनिष्ठ माणसाला काही खटकलं तर तो कुणाकडे जाईल? आणि खटकणारी गोष्ट सचिवांबद्दलच असेल तर? याचं उत्तर एका नावात देता आलं पाहिजे.

शिवाय काही जोखमी हिशेबाच्या वहीत उमटतच नाहीत. हैतीतल्या भूकंपानंतर तिथे काम करणाऱ्या ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाची चौकशी संस्थेने २०११ मध्येच केली होती. काहींना काढलं, काहींना राजीनामा देऊन जाऊ दिलं. सगळा तपशील वर्तमानपत्रातून बाहेर आला तो फेब्रुवारी २०१८ मध्ये. पुढच्या काही दिवसांतच सुमारे ७,००० नियमित देणगीदारांनी देणगी थांबवली. प्रकरण मिटलं असं संस्थेने मानलं, तिथेच ते सात वर्षं साचत राहिलं. हे कुठल्या ऑडिटमध्ये दिसणार होतं?

‘विमा काढलेला आहे’

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. २०१७ मध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’च्या अमेरिकेतल्या संस्थेत कुणीतरी एका कर्मचाऱ्याच्या ईमेलमध्ये शिरलं, खोटी बिलं बनवली आणि सुमारे १० लाख डॉलर परदेशातल्या खात्यावर पाठवून घेतले. विम्यामुळे प्रत्यक्ष नुकसान १,१२,००० डॉलरवर थांबलं. विमा उपयोगी पडतो तो असा. मात्र तुमच्या पॉलिसीत ईमेलवरची फसवणूक बसते का, आणि स्वयंसेवक बसतात का, हे दोन प्रश्न आजच विचारा. आणि नव्या खात्यावर पैसे पाठवायची विनंती आली, तर पाठवण्याआधी फोन करा. फोन आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर करायचा, त्या ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

‘कागद रंगवण्यापेक्षा…’

हे मात्र मला मान्य आहे. निधी देणाऱ्यांना दाखवायला बनवलेली चाळीस पानांची जोखीम नोंदवही मी पाहिली आहे. लाल, पिवळे, हिरवे चौकोन, आणि बनवल्यानंतर एकदाही न उघडलेली फाइल. तसलं काही करू नका. जोखीम व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३१००० (२००९ चं, २०१८ मध्ये सुधारलेलं) स्वतःच सांगतं, की पद्धत आपल्या संस्थेच्या मापाने बेतावी.

आमचं अख्खं प्रकरण एका पानाचं होतं. सात ओळी, प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख. पहिली ओळ होती, ‘बँकेचा ओटीपी येणारा मोबाइल एकाच व्यक्तीकडे.’ दर तिमाहीला पंधरा मिनिटं ते पान वाचायचं, झालेली ओळ खोडायची, नवी लिहायची. ‘समिती’ असं नाव लिहिलेली ओळ कधीच खोडली जात नाही, हा माझा अनुभव. समिती म्हणजे कोणीच नाही.

‘चांगल्या कामाच्या वाटेला कोणी जात नाही’

जानेवारी २०२२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने जाहीर केलं, की ५,१५,००० हून अधिक लोकांची माहिती सायबर हल्लेखोरांच्या हाती लागली आहे. युद्धात आणि आपत्तींत घरच्यांपासून तुटलेली, बेपत्ता झालेली, कैदेत असलेली माणसं, आणि त्यांना शोधणारे नातलग. यापेक्षा चांगलं काम कोणतं? हल्लेखोर नोव्हेंबरपासून आत होते. ज्या फटीतून ते शिरले ती बुजवणारं अपडेट उपलब्ध होतं, पण ते वेळेत लावलं गेलं नव्हतं. समितीने हे स्वतःच उघडपणे सांगितलं, याचं मला कौतुक वाटतं.

ती बातमी वाचून मी आमच्या लाभार्थ्यांची यादी उघडली. नावं, पत्ते, आजारपणाचे तपशील, ओळखपत्रांचे फोटो, सगळं एका ऑनलाइन शीटमध्ये. ती कुणाकुणाला उघडता येते ते पाहिलं, तर त्यात निम्म्याहून अधिक माणसं संस्था सोडून गेलेली. एकेकाचं नाव काढत गेलो. संध्याकाळी त्यांतल्याच एका जुन्या स्वयंसेवकाचा फोन आला. ‘सर, ती शीट आता दिसत नाही मला. मी मधूनमधून बघायचो, ती मुलगी बरी झाली का म्हणून.’ मी विचारलं, संस्था सोडून किती दिवस झाले रे तुला?

‘चार वर्षं,’ तो म्हणाला.