निळा रंग जाणे म्हणजे पाणी शुद्ध होणे नव्हे

टायटॅनियम डायऑक्साइडच्या संमिश्र नॅनोतंतूंची (केसाहून कितीतरी बारीक तंतूंची) जाळी रंगाईच्या सांडपाण्यात सोडून उन्हात ठेवली की तासाभरात ते पिण्याजोगे शुद्ध होते आणि त्यासाठी वीजही लागत नाही, असा दावा समाजमाध्यमांवर फिरतो आहे.

आधी ‘शुद्ध’ हा शब्द तपासू. अशा प्रयोगांत वापरतात त्या मेथिलिन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग तंतूंवर नुसता चिकटूनही पाण्यातून जातो. त्यामुळे तशीच जाळी घातलेले दुसरे पात्र अंधारात ठेवून तुलना केल्याशिवाय प्रकाशाला श्रेय देता येत नाही. कधी या रंगाच्या रेणूला इलेक्ट्रॉन मिळून तो रंगहीन रूपात जातो आणि हवा लागताच पुन्हा निळा होतो. ग्लुकोज व अल्कली घातलेली बाटली हलवून महाविद्यालयात हाच खेळ दाखवतात. अझो रंगांत, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंच्या दुहेरी बंधाने जोडलेल्या रंगद्रव्यांत, तर तो बंध तुटताच रंग जातो, पण बेंझिनची वलये असलेले तुकडे पाण्यातच राहू शकतात आणि त्यांतले काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे अशा सगळ्या तुकड्यांतला मिळून कार्बन, किती उरला हे मोजावे लागते.

‘ऊन पुरते’ हे अर्धसत्य आहे. अ‍ॅनाटेज प्रकारच्या टायटॅनियम डायऑक्साइडला सुमारे 387 नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश लागतो आणि उन्हात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम 5 टक्के असतो. ग्राफिटिक कार्बन नायट्राइड या दुसऱ्या प्रकाशशोषक पदार्थाची जोड दिली की सुमारे 460 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश वापरता येतो, ही संशोधकांची कमाई खरीच. शिवाय भुकटीसारखी गाळत न बसता जाळी सरळ उचलून घेता येते.

पण हे प्रयोग बहुधा ऊर्ध्वपातित पाण्यात, लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आसपास रंग घालून होतात. इचलकरंजी-सोलापूरकडे सुती मालावर रिअ‍ॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंधाने जोडल्या जाणाऱ्या) रंगाची गडद छटा चढवायची तर लिटरला 50 ग्रॅमहून अधिक मीठही लागते आणि वर सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट). त्यांतले क्लोराइड व कार्बोनेट, प्रकाश पडल्यावर जाळीवर तयार होणारे, रंग तोडणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिक्रियाशील कण) आधीच गिळून टाकतात, आणि गडद पाण्यात प्रकाश फार खोल उतरतही नाही.

राहिली वीज. रंगाचा शेवटचा रेणू मोडला तरी मीठ पाण्यात जसेच्या तसे राहते. ते काढायला आरओ आणि बाष्पीभवन यंत्र चालवावे लागते, आणि विजेचे मोठे बिल तिथेच येते.